गिंपमधले सिलेक्शन स्वच्छ कसे करायचे: करवती कडा, मोकळे केस आणि पांढरी झालर

प्रश्न थोडक्यात असा: मॉडेलला नेसवलेल्या साड्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो गिंपमध्ये (फोटो सुधारण्याचे मोफत सॉफ्टवेअर) कापून ऑनलाइन दुकानासाठी दुसऱ्या बॅकग्राउंडवर बसवायचे आहेत. फझी सिलेक्टने (क्लिक केलेल्या रंगासारखा सलग भाग निवडणारे टूल) कडा करवतीसारखी येते, केसांभोवती पांढरी झालर राहते आणि पदराचे गोंडे अर्धे गायब होतात. थ्रेशोल्ड, म्हणजे रंगात किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा, कितीही बदलला तरी जमत नाही. मग कोणते टूल घ्यावे आणि सेटिंग काय ठेवावे?

टूल बदलून हे सुटणार नाही, कारण तुमच्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगळी आहेत. करवती कडा हा मास्कचा, म्हणजे कुठला भाग दिसेल आणि कुठला लपेल ते ठरवणाऱ्या करड्या चित्राचा, दोष आहे. झालर हा रंगाचा दोष आहे, मास्क अगदी अचूक असला तरी ती राहते. गोंडे मात्र बहुतेक वेळा कडा गुळगुळीत करण्याच्या नादात आपणच पुसून टाकतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सिलेक्शन म्हणजे रेघ नव्हे, ते एक करडे चित्र असते. प्रत्येक पिक्सेलला 0 ते 255 मधली एक किंमत असते: 0 म्हणजे अजिबात निवडलेला नाही, 255 म्हणजे पूर्ण निवडलेला, मधले सगळे अर्धवट. स्क्रीनवर चालणाऱ्या मुंग्या, म्हणजे सिलेक्शनभोवतीची हलती तुटक रेघ, फक्त जिथे किंमत निम्म्यावर येते तिथून जातात. केसांच्या टोकांशी 20 टक्के निवडलेले पिक्सेल असले तरी मुंग्या ते दाखवत नाहीत, आणि बॅकग्राउंडमध्ये 30 टक्क्यांचे डाग उरले असले तरी तेही दाखवत नाहीत. म्हणून मुंग्यांकडे बघून सिलेक्शन सुधारत बसू नका. ढोबळ सिलेक्शन झाले की शिफ्ट आणि क्यू दाबून क्विक मास्कमध्ये (सिलेक्शन रंगाच्या थरात दाखवणारी अवस्था) जा, नाहीतर सरळ लेयर मास्क बनवा: लेयर मेनूतून मास्क, मग अ‍ॅड लेयर मास्क, आणि पर्यायांत ‘सिलेक्शन’. लेयर्सच्या यादीत मास्कच्या छोट्या चित्रावर ऑल्ट धरून क्लिक केले की मास्क कृष्णधवल दिसतो, कंट्रोल धरून क्लिक केले की तो तात्पुरता बंद होतो. पुढचे बहुतेक काम याच मास्कवर करायचे आहे. खाली दिलेले सगळे गिंप 2.10 मध्ये चालते, आणि मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 मध्येही.

आता फझी सिलेक्ट. मूळ थ्रेशोल्ड 15 असतो. साध्या भिंतीसाठी 12 ते 25 मध्ये काम होते. त्याहून वर नेलात की सिलेक्शन कडेतून ‘गळते’, कारण साडीच्या कडेवरचे पिक्सेल भिंत आणि कापड यांच्या मिश्रणाचे असतात, आणि मोठ्या थ्रेशोल्डला ते मिश्रण पुलासारखे चालते. त्यामुळे एकाच क्लिकमध्ये सगळी भिंत पकडण्यापेक्षा थ्रेशोल्ड कमी ठेवून शिफ्ट धरून चार-पाच ठिकाणी क्लिक करा. क्लिक करून माउस न सोडता खाली किंवा उजवीकडे ओढला की थ्रेशोल्ड वाढतो, वर किंवा डावीकडे ओढला की कमी होतो. टूलच्या पर्यायांत ‘ड्रॉ मास्क’वर खूण केली तर ओढता ओढताच किती भाग पकडला जातोय ते रंगात दिसते.

त्याच पर्यायांत ‘सिलेक्ट बाय’ नावाचा खटका आहे, त्याकडे फारसे कोणी बघत नाही. मूळ ‘कॉम्पोझिट’ लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल एकत्र तपासतो. भिंतीवर सावली पडली असेल तर तो सावलीपाशी थांबतो. भिंत रंगीत असेल, म्हणजे निळी किंवा हिरवी, तर इथे ‘एलसीएच ह्यू’ (फक्त रंगछटा) घ्या, सावली असो वा उजेड, रंगछटा तीच राहते. पण भिंत पांढरी किंवा करडी असेल तर ह्यू चुकूनही घेऊ नका. रंगच नसेल तर छटेचा आकडा निरर्थक होतो आणि सिलेक्शन ठिपक्याठिपक्यांचे येते. तिथे ‘एलसीएच लाइटनेस’ (फक्त उजळपणा) बरा.

भिंत निवडून झाली की सिलेक्ट मेनूतले ‘रिमूव्ह होल्स’ (सिलेक्शनमध्ये राहिलेली भोके भरणारे) चालवा, पण मॉडेल फोटोच्या कडेला कुठेतरी टेकत असेल तरच, नाहीतर चारी बाजूंनी भिंतीने वेढलेली मॉडेलही भोक समजून निवडली जाते. कंबर आणि हात यांच्यामधली पोकळी भिंतीच्या सिलेक्शनमध्ये घेतलेली आहे याचीही खात्री करा. मग ‘ग्रो’ (सिलेक्शन फुगवणे) 1 किंवा 2 पिक्सेल, आणि मग कंट्रोल आणि आय दाबून उलटे करा. उलट केल्यावर ‘श्रिंक’ (आकसणे) केले तरी परिणाम जवळजवळ तोच, फक्त एक सापळा सांभाळा. मॉडेल फोटोच्या खालच्या कडेला कापली गेली असेल तर श्रिंक त्या बाजूनेही आत येते आणि तळाशी एक पारदर्शक पट्टी राहते. त्या खिडकीत ‘सिलेक्टेड एरियाज कंटिन्यू आउटसाइड द इमेज’ अशी खूण असते, ती करा. फेदरच्या (सिलेक्शनची कडा धूसर करणे) खिडकीतही ती आहे.

हा 1-2 पिक्सेलचा आतला सरक का लागतो? मोबाइलचा कॅमेरा फोटो आपोआप शार्प करतो. शार्पनिंगमुळे गडद वस्तूच्या बाहेरच्या बाजूला 1 ते 3 पिक्सेलची उजळ रेघ उमटते. तुम्ही ज्याला पांढरी झालर म्हणता त्यातला काही भाग हीच रेघ असतो, आणि ती फोटोतच असल्यामुळे कितीही काळजीपूर्वक सिलेक्ट केली तरी सोबत येते. ती मास्कच्या बाहेरच टाकायची.

करवती कडेसाठी फेदर करू नका. निदान तेवढ्यावर थांबू नका. नुसत्या फेदरने कडा धूसर होते, पायऱ्या तशाच राहतात. खरा उपाय दोन पायऱ्यांचा आहे: मास्क धूसर करा आणि मग लेव्हल्सने (काळा आणि पांढरा टोकबिंदू सरकवून उजेड-अंधार ठरवणारे साधन) पुन्हा ताणा. मास्कवर क्लिक करून तो चालू आहे याची खात्री करा. ‘गॉशियन ब्लर’ आडवा-उभा 2 द्या. मग ‘लेव्हल्स’ उघडून इनपुटचा काळा टोकबिंदू 88 वर आणि पांढरा 168 वर आणा. पायऱ्या जातात, कडा जागच्या जागी राहते आणि बदलाचा पट्टा साधारण दीड पिक्सेलचा उरतो. त्याऐवजी 136 आणि 216 ठेवले तर कडा जवळपास 1 पिक्सेल आत सरकते, म्हणजे गुळगुळीतपणा आणि श्रिंक एकाच झटक्यात. तत्त्व सोपे आहे: दोन्ही आकड्यांचा मध्य 128 च्या वर गेला की मास्क आकसतो, खाली आला की फुगतो. हे आकडे 8 बिटच्या, म्हणजे 0 ते 255 किमतींच्या, चित्रासाठी आहेत.

ब्लर किती द्यायचा हे फोटो ठरवतो, सवय नव्हे. 800 टक्के झूम करून खांद्याची किंवा काठाची सरळ कडा शोधा आणि कापडाचा रंग संपून भिंतीचा रंग सुरू होईपर्यंत किती पिक्सेल जातात ते मोजा. नीट फोकस असलेल्या फोटोत 2-3 येतात, फोकसच्या मागे गेलेल्या पदराला 8-10 येऊ शकतात. मास्कची कडाही तेवढीच रुंद हवी. त्या संख्येला अडीचने भागले की गॉशियन ब्लरचा आकडा मिळतो. एकाच फोटोत दोन प्रकारच्या कडा असतील तर मास्कलाही दोन प्रकारचे ब्लर हवेत. सगळ्या मास्कला एकच ब्लर दिला की पुढची बाजू धूसर आणि मागची कात्रीने कापल्यासारखी दिसते, आणि ‘काहीतरी चुकलंय’ हे गिऱ्हाइकालाही जाणवते. फेदरच वापरायचा हट्ट असेल तर लक्षात ठेवा, गिंपच्या फेदरचा आकडा आणि ब्लरचा आकडा एक नाही. फेदरला 7 दिले की आत साधारण 2 चा ब्लर होतो.

गोंडे इथेच मरतात. गोंड्याचा एकेक धागा फोटोत 2-3 पिक्सेल जाड असतो. त्यावर 1 पिक्सेलचे श्रिंक म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून 2 पिक्सेल गेले, धागा संपला. म्हणून वरचे ब्लर-लेव्हल्स चालवण्याआधी ‘फ्री सिलेक्ट’ने गोंड्यांभोवती आणि केसांभोवती ढोबळ वळसा घाला, सिलेक्शन उलटे करा, 10-15 पिक्सेल फेदर करा आणि मगच मास्कवर फिल्टर चालवा. म्हणजे नाजूक भाग सोडून बाकीची कडा सुधारते. गोंड्यांसाठी वेगळा मास्क बनवायचा, केसांसारखाच.

काठाला, विशेषतः जरीच्या, रंगावर चालणारे कुठलेच टूल लावू नका. सोनेरी-चंदेरी जर आजूबाजूचे सगळे रंग परत फेकते, पांढऱ्या भिंतीसमोर जरीत पांढरे ठिपके असतातच आणि फझी सिलेक्ट त्यांतून आत शिरतो. तिथे ‘पाथ्स’ (बिंदू जोडून रेघ काढण्याचे टूल) वापरा, त्याची कळ बी. वळणाच्या मध्यावर बिंदू टाकून ओढला की हँडल निघतात. बिंदू जितके कमी तितकी कडा गुळगुळीत. लांब झोकदार निरीला तीन-चार बिंदू पुरतात, वीस टाकले तर काठ लाटांसारखा दिसतो. बिंदू कडेवर न ठेवता पिक्सेलभर आत ठेवा. रेघेवर मध्येच बिंदू हवा असेल तर कंट्रोल धरून क्लिक करा. शेवटी एंटर दाबले की पाथचे सिलेक्शन होते, आणि पाथ फाइलमध्ये राहतो, त्यामुळे उद्या दुरुस्त करता येतो. ‘इंटेलिजंट सिझर्स’ याच कामासाठी बनवलेले आहे, पण नक्षीदार काठावर ते नक्षीच्या कडेला चिकटते. त्याच्याशी झगडण्यात जितका वेळ जातो त्याच्या निम्म्या वेळात पाथ होतो.

केसांना सर्वांत भरवशाची पद्धत चॅनेलची. चॅनेल्सच्या टॅबमध्ये लाल, हिरवा, निळा एकेक करून बघा आणि केस व भिंत यांच्यात सर्वाधिक फरक कुठे आहे ते शोधा. मागे आकाश असेल तर बहुधा निळा. घरात काढलेल्या फोटोत निळ्यात रवा (दाणेदार ठिपके) फार असतो, तिथे हिरवा बघा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्याचे असतात, म्हणून तो सर्वांत स्वच्छ. उजवी क्लिक करून ‘डुप्लिकेट चॅनेल’, मग कॉपीवर ‘इन्व्हर्ट’, म्हणजे काळे केस पांढरे होतील. मग लेव्हल्स: काळा बिंदू भिंत पूर्ण काळी होईपर्यंत उजवीकडे, पांढरा बिंदू केसांचा मुख्य भाग पांढरा होईपर्यंत डावीकडे. इथे हाव नको. सुट्या बटांच्या टोकांना करडा रंग उरलाच पाहिजे. तोही पांढरा केलात की केस तारेसारखे दिसतात. भिंतीवर उरलेले करडे ढग ‘बर्न’ने (गडद करणारा ब्रश), रेंज ‘शॅडोज’ आणि एक्स्पोजर 10-15 ठेवून काढा. केसांतल्या करड्या राहिलेल्या जागा ‘डॉज’ने (उजळ करणारा ब्रश), रेंज ‘हायलाइट्स’. या दोन रेंजमुळे एक ब्रश काळ्यालाच जास्त काळे करतो आणि दुसरा पांढऱ्यालाच पांढरे, मधल्या बटा बऱ्याच वाचतात. गजऱ्याची फुले उलट्या चॅनेलमध्ये काळी दिसतील, ती पांढऱ्या ब्रशने भरून घ्या, चेहराही. मग ‘चॅनेल टू सिलेक्शन’.

मागे भिंत नसून झाडे, दुकाने, माणसे असतील तर चॅनेल चालत नाही. तिथे ‘फोरग्राउंड सिलेक्ट’. 2.10 पासून यात मॅटिंगची, म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती पुढचा आणि किती मागचा ते ठरवण्याची, दोन इंजिने आहेत, ‘ग्लोबल’ आणि ‘लेविन’. लेविन, लिशिन्स्की आणि वाइस यांनी 2006 मध्ये मांडलेली पद्धत दुसऱ्यात आहे. ती मऊ कडांना जास्त चांगली, पण मोठ्या चित्राला मेमरी भरपूर खाते, आणि गिंपच्या काही आवृत्त्यांमध्ये ती दिसतही नाही. केसांपुरता भाग कापून त्यावरच चालवा. पहिला वळसा सगळ्या बटांच्या बाहेरून घाला आणि एंटर दाबा. मग ‘ड्रॉ फोरग्राउंड’ने आतल्या सर्व रंगांवरून एकेक फटकारा मारा: केस, कपाळ, कान, ब्लाउज. एक रंग सुटला तर तो बॅकग्राउंडमध्ये मोजला जाण्याचा धोका असतो. त्यानंतर ‘ड्रॉ अननोन’ने फक्त बटांचा पट्टा रंगवा. निकालाची गुणवत्ता या पट्ट्यावर ठरते. सगळ्या बटा त्यात याव्यात, पण त्यापलीकडे तो रुंद नको. अर्धा चेहरा ‘अननोन’मध्ये टाकून इंजिनला दोष देणारे बरेच असतात. प्रीव्ह्यू ‘ग्रेस्केल’ ठेवून बघा, पटले की एंटर.

आता खरी झालर. समजा केसाच्या टोकाच्या एका पिक्सेलमध्ये 30 टक्के केस आणि 70 टक्के भिंत आहे. केसाची किंमत 30, भिंतीची 240. तर फोटोत त्या पिक्सेलची किंमत 177 येते. तुमचा मास्क तिथे बरोबर 30 टक्के आहे असे धरा. नवी गडद बॅकग्राउंड 40 ची असेल तर तिथे 37 दिसायला हवे. दिसते 81, कारण मास्कने पिक्सेल पातळ केला, पण त्यात मुरलेली भिंत काढली नाही. मास्क कुरतडत बसलात तर झालर जाते आणि बटाही जातात.

उपाय असा: लेयर मास्क असताना लेयरच्या चित्रावर क्लिक करा, मास्कवर नाही. शेजारच्या केसांचा रंग कंट्रोल धरून उचला, ब्रशचा मोड ‘डार्कन ओन्ली’ करा आणि झालरीच्या पट्ट्यावरून बिनधास्त रंगवा, बटांच्या बाहेरही. आकार मास्क सांभाळतो, तुम्ही फक्त पिक्सेलमधल्या भिंतीच्या जागी केसाचा रंग भरता. उजेड पडलेल्या बाजूला तपकिरी छटा, सावलीत काळी, असे दोन-तीनदा रंग बदला, नाहीतर टोप घातल्यासारखे दिसते. साडीच्या रंगीत कडेला हेच काम ‘क्लोन’ने, आतून 4-5 पिक्सेलवरचे कापड उचलून करा.

नवी बॅकग्राउंडही फिकीच असेल तर याहून सोपे आहे. मूळ लेयरची कॉपी करा, भिंत लेव्हल्सने पूर्ण 255 पर्यंत न्या, लेयर मोड ‘मल्टिप्लाय’ करा आणि फक्त केसांच्या भोवतीचा भाग मास्कने उघडा ठेवा. पांढरे गुणाकारात नाहीसे होते, बटा जशाच्या तशा राहतात. त्याखाली किंवा वर चेहरा-शरीराचा नेहमीचा कापलेला लेयर. काळे केस, पांढरी भिंत, फिकी नवी बॅकग्राउंड: या जोडीला यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही. गडद बॅकग्राउंडवर मात्र ती अजिबात चालत नाही.

‘कलर टू अल्फा’ही आहे. तो भिंतीचा रंग पिक्सेलमधून खरोखर वजा करतो, म्हणून झालरीवर उत्तम. पण पांढरा काढताना दात, डोळे, जरीची चमक सगळे अर्धपारदर्शक करतो. त्यामुळे खाली मूळ फोटोची एक कॉपी ठेवा, तिचा मास्क 6-8 पिक्सेल आकसलेला. आतला भाग ती भरून काढते. जाळीच्या ओढणीला आणि शिफॉनला हीच जोडी वापरा. पारदर्शक कापडाला मास्कमध्ये पूर्ण पांढरे द्यायचेच नसते, 40 ते 60 टक्के करडे द्यायचे, आणि निऱ्या जिथे दुमडतात तिथे जास्त.

तपासणी मुंग्यांनी नको, तशी डोळ्यांनीही पुरी पडत नाही. मास्क चालू ठेवून ‘थ्रेशोल्ड’ उघडा, खालची मर्यादा 5 करा. बॅकग्राउंडमध्ये उरलेला प्रत्येक डाग पांढरा चमकतो. मग 250 करा, साडीच्या आतली प्रत्येक विरळ जागा काळी दिसते. जागा लक्षात ठेवून ‘कॅन्सल’ दाबा आणि ब्रशने दुरुस्त करा. शिवाय खाली एक काळा, एक पांढरा आणि एक भडक हिरवा लेयर ठेवून तिन्हींवर बघा. पांढऱ्यावर झालर लपते, काळ्यावर गडद कडा लपते.

फोटोशॉप वापरणाऱ्यांना हेच ‘सिलेक्ट अँड मास्क’मध्ये एका ठिकाणी मिळते. ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ सुरुवातीला चांगले काम करते, पण बांगड्यांमधल्या फटी, हाताखालची पोकळी आणि गोंडे हाताने बघावेच लागतात. ‘शिफ्ट एज’ उणे 10 ते 20, ‘फेदर’ अर्धा-एक पिक्सेल, आणि ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ लावलेत तर आउटपुट नव्या लेयरवरच घ्या, कारण ते रंग बदलून टाकते.

फोटो काढतानाच निम्मे काम वाचते. मॉडेल भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे उभी करा, म्हणजे भिंतीचा रंग साडीवर आणि सावली भिंतीवर कमी पडते. भिंत फिकी करडी असेल तर उत्तम. हिरवा पडदा साड्यांना नको, साडीची जर हिरवी होते. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो केसांच्या कडा स्वतःच्या अंदाजाने धूसर करतो आणि ते परत येत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपने मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा पाठवला की तो लहान होतो आणि जेपेग पुन्हा दाबला जातो. त्या दाबण्यात रंगाची माहिती बहुधा आडवी-उभी निम्मी होते, म्हणून लाल साडीचा रंग भिंतीवर 1-2 पिक्सेल पसरलेला दिसतो आणि रंगावर चालणारे प्रत्येक टूल तिथे फसते.

कापणी नेहमी पूर्ण आकारात करा आणि मग लहान करा. 4000 पिक्सेलचा फोटो 1000 वर आणला की 2 पिक्सेलची चूक अर्ध्या पिक्सेलची होते. मास्कसकट एक्ससीएफ (गिंपची स्वतःची फाइल) ठेवा, तयार झालेला मास्क सिलेक्ट मेनूतल्या ‘सेव्ह टू चॅनेल’नेही जपता येतो. दुकानाला पारदर्शक हवे असेल तर पीएनजी किंवा वेबपी एक्स्पोर्ट करा. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते, त्यात द्यायचे असेल तर नवी बॅकग्राउंड बसवूनच द्या.